खान्देशातल्या कंपन्यांत नव्याने लागलेल्यांनी पहिल्या महिन्यात काय मागायचं, काय पाळायचं?

गिरणाकाठ (धागाकर्ता)

राम राम मंडळी.

निकाल लागले की आयटीआय, डिप्लोमा, बी.कॉम. झालेली पोरं-पोरी जळगाव, अवधान, नरडाणा, नवापूर इथल्या एमआयडीसीत कामाला लागतात. मी जळगावच्या एका कारखान्यात टाईम ऑफिसला बसतो. हजेरी, पगारपत्रक, पीएफ (भविष्य निर्वाह निधी), ईएसआय (कामगार राज्य विमा) सगळं माझ्या टेबलावरून जातं. आपली पोरं कामाला कुठेच कमी पडत नाहीत. ती अडतात नियमांवर, कारण नियम त्यांना कोणी नीट सांगितलेलेच नसतात. पहिल्या दिवशी इंग्रजी कागदांचा गठ्ठा पुढे येतो, ‘इथे सही कर, इथे कर’ होतं, आणि त्यात काय लिहिलं होतं ते पहिला पगार कापून आल्यावर कळतं.

आपल्याकडे शेतावर सालदार ठेवतात तेव्हा अखाजीला (अक्षय्य तृतीयेला) सगळं बोलून ठरतं: रुपये किती, धान्य किती, खाडा झाला तर काय. अडाणी म्हणवणारी माणसंसुद्धा हे आधी ठरवतात. मग शिकलेल्या पोराने कंपनीत हे विचारायला का लाजावं?

नियम कामगाराला समजतील अशा भाषेत प्रवेशद्वाराजवळ आणि प्रत्येक खात्यात लावावेत, हे १९४६ च्या स्थायी आदेश कायद्यातच होतं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार नवीन कामगार संहिता लागू झाल्या, त्यांत प्रत्येकाला नेमणूक पत्र देणं मालकाला बंधनकारक आहे. म्हणजे पत्र मागणं हे उद्धटपणाचं लक्षण नाही, हक्काची गोष्ट आहे.

नेमणूक पत्रात एवढं तरी बघा: हुद्दा, रुजू झाल्याची तारीख, पगाराची फोड (बेसिक म्हणजे मूळ पगार, डीए म्हणजे महागाई भत्ता, बाकी भत्ते वेगवेगळे), प्रोबेशन (कायम होण्याआधीचा काळ) किती महिने, नोटीस किती दिवसांची, साप्ताहिक सुट्टी कोणती. यातलं काही तोंडी सांगितलं असेल तर ते कागदावर आणून घ्या.

आता पगाराचं, कारण सर्वात जास्त भांडणं इथेच होतात. जाहिरातीत ‘पगार १८ हजार’ असतो आणि पोराच्या हातात १३ हजार येतात. त्याला वाटतं फसवलं. एक सरळ उदाहरण घ्या. बेसिक अधिक डीए १२,०००, भत्ते ३,०००, एकूण १५,०००. यातून पीएफ १२ टक्के म्हणजे १,४४० कापले. ईएसआय एकूण पगाराच्या ०.७५ टक्के, म्हणजे ११३. व्यवसाय कर २०० (फेब्रुवारीत ३००). हातात १३,२४७. मग १८ हजार कुठून आले? मालकाचा पीएफ, मालकाचा ईएसआय आणि बोनस धरला की आकडा १८ च्या जवळ जातो. यात बेकायदेशीर काही नाही. पण मुलाखतीतच ‘हातात किती येतील?’ हा एक प्रश्न विचारा आणि उत्तर लिहून घ्या. हाच प्रश्न न विचारल्यामुळे चांगली पोरं दुसऱ्याच महिन्यात कंपनी सोडताना मी बघतो, आणि जीव तुटतो.

दुसरा गैरसमज पासबुकाचा. पोरगं मोबाईलवर पीएफ पासबुक उघडतं, स्वतःचे १,४४० दिसतात आणि मालकाच्या रकान्यात फक्त ४४०. लगेच टाईम ऑफिसला येतं, ‘साहेब, कंपनीने हजार रुपये खाल्ले.’ खाल्ले नाहीत भो. मालकाच्या १२ टक्क्यांपैकी ८.३३ टक्के पेन्शन खात्यात जातात, त्याचा रकाना वेगळा असतो. तिथे बघितलं तर हजार दिसतील. तिथेही नसतील तर मात्र जरूर विचार.

प्रोबेशनवर पीएफ नाही, ईएसआय नाही, असं काही सुपरवायझर सांगतात. चूक आहे. कंपनीला हे कायदे लागू असतील (साधारण पीएफला २० माणसं, ईएसआयला १० माणसं) तर ते पहिल्या दिवसापासून लागू. कायम होण्याशी त्याचा संबंध नाही. ईएसआयला पगाराची मर्यादा २१,००० आहे, तेवढी लक्षात ठेवा.

तुम्ही तुमचं लिहा. मालक मंडळींनीही लिहावं, त्यांचीही बाजू आहे.


बोरीकाठचा_नवा

दादा, योग्य वेळी धागा काढला. मी अमळनेरचा, डिप्लोमा मेकॅनिकल. मागच्या महिन्यात एका कंपनीत लागलो. दोन गोष्टी विचारायच्या होत्या. एक, दहावी-बारावी आणि डिप्लोमाचे मूळ दाखले त्यांनी ठेवून घेतलेत, ‘दोन वर्षांनी मिळतील’ म्हणाले. दोन, एका स्टॅम्पपेपरवर सही घेतली, दोन वर्षांच्या आत सोडलं तर एक लाख भरायचे. घरी सांगितलेलं नाही, आई घाबरेल. नेमणूक पत्र मागितलं तर ‘येईल’ म्हणतात.


गिरणाकाठ

@बोरीकाठचा_नवा, घाबरू नको.

दाखले आधी बघू. मूळ दाखले तपासून परत करायचे असतात, कंपनीकडे झेरॉक्स राहते. ओलीस ठेवल्यासारखे मूळ दाखले धरून ठेवण्याचा अधिकार कोणताही कायदा मालकाला देत नाही. साध्या मराठीत अर्ज लिही: ‘अमुक तारखेला तपासणीसाठी दिलेले माझे पुढील मूळ दाखले परत मिळावेत’, आणि खाली दाखल्यांची नावं व क्रमांक. दोन प्रती कर, एकीवर पोच घे. पोच देत नसतील तर तोच मजकूर कंपनीच्या ईमेलवर पाठव. भांडू नकोस, कोणाच्या अंगावर जाऊ नकोस. पुढच्या शिक्षणासाठी किंवा जात पडताळणीसाठी दाखले लागतात, हे कारण खरंच असेल तर तेही लिही.

बॉण्डचं जरा वेगळं आहे. ‘बॉण्ड म्हणजे रद्दी’ असं कट्ट्यावर सांगतात, त्यावर जाऊ नको. २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका सरकारी बँकेचा तीन वर्षांचा, दोन लाखांचा बॉण्ड वैध धरला. पण तिथे भरती प्रक्रियेवरचा सार्वजनिक खर्च आणि माणूस मध्येच गेल्याने होणारं नुकसान हा आधार होता. लिहिलेला आकडा आपोआप वसूल होत नाही, वाजवी नुकसानभरपाईपुरताच विचार होतो. तुला कंपनीने खरंच बाहेर पाठवून प्रशिक्षण दिलं का, त्यावर खर्च केला का, हे महत्त्वाचं. सध्या एकच कर: सही केलेल्या स्टॅम्पपेपरची प्रत माग. ज्या कागदावर आपली सही आहे त्याची प्रत आपल्याकडे नाही, असं कधीच होऊ देऊ नये.

आणि आईला सांग. लपवण्यासारखं काही केलेलं नाहीस.


भुसावळचा_फोरमन (निवृत्त)

पगाराचं गिरणाकाठ यांनी छान सांगितलं. मी शॉप फ्लोअरचं सांगतो, कारण पगार पुढच्या महिन्यात सुधारता येतो, बोट येत नाही.

नवीन पोरगं माझ्या खात्यात आलं की मी त्याला काम सांगण्याआधी तीन जागा दाखवायचो. मशीनचं लाल बटण, म्हणजे इमर्जन्सी स्टॉप. बाहेर पडायचा दरवाजा. आणि पाण्याची जागा. लाल बटण नुसतं दाखवायचं नाही, त्याच्या हाताने दाबून मशीन बंद करायला लावायचं. घाबरलेला माणूस डोक्याने विचार करत नाही, हाताला सवय असेल तेच करतो. रोलरवर, एक्सट्रूडरवर (प्लास्टिक वितळवून बाहेर काढणारं मशीन) काम करणाऱ्यांनी तर हे पहिल्याच तासात करून घ्यावं. तुमच्या सुपरवायझरने दाखवलं नाही तर तुम्ही म्हणा, ‘साहेब, एकदा बंद करून दाखवता का?’ चांगला सुपरवायझर खूश होईल.

गळ्यात रुमाल, हातात कडं, बोटात अंगठी, लोंबता धागा: फिरत्या मशीनजवळ यातलं काहीच नको. देवाचा धागा असेल तर शिफ्टपुरता खिशात ठेवा, देव रागावत नाही. ग्लोव्हज सगळीकडे घालायचे नसतात. फिरत्या ड्रिलजवळ ग्लोव्हजच हात आत ओढतो. कुठे घालायचे, कुठे नाही, ते विचारून घ्या.

वैशाखात आपल्याकडे पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो. भट्टीजवळ, पत्र्याखाली काम असेल तर तहान लागायची वाट बघू नका. पाच तासांच्या आत अर्ध्या तासाची सुट्टी कायद्याने आहे, ती जागेवर बसून नाही, सावलीत बसून घ्या. चक्कर येतेय हे सांगण्यात कमीपणा नाही.

आणि किरकोळ लागलं तरी नोंद करा. ‘हळद लावली, झालं’ असं करू नका. पुढे जखम चिघळली तर ती कामावर झाली होती हे दाखवायला ती नोंदच कामाला येते. ईएसआयमध्ये कामावरच्या अपघाताचं संरक्षण रुजू झाल्या दिवसापासून आहे.


मेहरूणची_ताई

फोरमन काका, तुमचा प्रतिसाद आमच्या ऑफिसच्या बोर्डावर लावण्यासारखा आहे.

मुलींसाठी लिहिते. जळगावला शोरूम, दवाखाने, बँकांची बाहेरून दिलेली कामं, शाळांची ऑफिसं इथे नव्या मुली मोठ्या संख्येने लागतात. रुजू होतानाच विचारा: अंतर्गत समिती आहे का, तिच्यात कोण आहे? दहा किंवा जास्त माणसं असलेल्या प्रत्येक ठिकाणी लैंगिक छळाच्या तक्रारीसाठी ही समिती २०१३ च्या कायद्याने लागते. अध्यक्ष बाईच असते, निम्म्या सदस्य बायका. दहापेक्षा कमी माणसं असतील तर जिल्ह्याची स्थानिक समिती आहे, तिच्याकडे जाता येतं. ‘तू तर ट्रेनी आहेस, तुला लागू नाही’ असं कोणी म्हटलं तर ते खोटं आहे. प्रोबेशनवरची, ठेकेदाराकडची, शिकाऊ, सगळ्या त्यात येतात. तक्रार घटनेपासून तीन महिन्यांत करायची, म्हणून तारखा लिहून ठेवा, मेसेज पुसू नका.

आपल्याकडच्या मुली बोलत नाहीत, कारण घरी कळलं तर नोकरीच बंद होईल ही भीती असते. माझ्या ओळखीच्या एका मुलीने नेमकं यामुळेच चांगली नोकरी सोडली आणि त्रास देणारा अजून तिथेच आहे. घरच्यांनीही हे वाचावं. मुलीला घरी बसवणं हा उपाय नाही.

पगारातली छोटी गोष्ट: महाराष्ट्रात बायकांना महिना २५,००० पर्यंत व्यवसाय कर नाही. तरी २०० कापलेले दिसतात. पगारपत्रक करणाऱ्याने सगळ्यांना एकच सूत्र लावलेलं असतं. दाखवून द्या, दुरुस्त होतं.

सुट्ट्यांचं मात्र मला कोणीतरी सांगा. अखाजीला माहेरी जायचं असतं आणि कानबाईला (आपला खान्देशातला श्रावणातला देवीचा सण) तर अख्खी भाऊबंदकी मूळ घरी गोळा होते. रविवारी कानबाई बसते, विसर्जन सोमवारी. दरवर्षी त्या सोमवारवरून ऑफिसात कटकट.


गिरणाकाठ

@मेहरूणची_ताई, आपल्या राज्याच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात वर्षाला आठ पगारी सणांच्या सुट्ट्या आहेत. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या चार ठरलेल्या. उरलेल्या चार मालक आणि कर्मचाऱ्यांनी मिळून वर्ष सुरू होण्याआधी ठरवायच्या. तुमची संधी तिथेच आहे. मुंबई-पुण्याच्या हेड ऑफिसातून यादी तयार येते, तिच्यात अखाजी नसते, कारण तिकडच्यांना अखाजीचं आपल्याकडचं महत्त्व ठाऊक नाही. डिसेंबरमध्ये सगळ्यांनी मिळून एक अर्ज द्या की चारपैकी एक अखाजीला हवी. कानबाईच्या सोमवारसाठी किरकोळ रजा आधी टाका. जुलैत मागितलेली रजा मिळते, आदल्या शनिवारी मागितलेली मिळत नाही, कारण सगळं ऑफिस तेव्हाच मागतं.

कारखान्यांच्या सुट्ट्यांचा हिशोब वेगळा असतो, तिथे आपापल्या कंपनीची यादी बघा.


चटई_उद्योग

मी छोटा मालक. जळगाव एमआयडीसीत चटईचं युनिट आहे. मालकांनी लिहावं म्हणालात म्हणून लिहितो.

नवीन मुलाकडून माझी अपेक्षा फार नाही. येणार नसशील तर शिफ्ट सुरू होण्याआधी एक फोन कर. एवढंच. आमची मशीनं रात्रंदिवस चालतात. एक्सट्रूडर एकदा गरम केला की माणूस आला नाही म्हणून थांबवणं परवडत नाही. माल आत जळतो, पुन्हा साफ करून चालू करायला अर्धी शिफ्ट जाते, आणि तोपर्यंत रात्रपाळीचा मुलगा घरी जाऊ शकत नाही. तो सोळा तास उभा राहतो. तुझा न केलेला फोन मालकाला नाही, त्या मुलाला महागात पडतो. फोन केला की मी कोणालाही कधी ओरडलेलो नाही. घरी कापूस वेचणी आहे, केळीची गाडी भरायची आहे, बापाची तब्येत बरी नाही, मला सगळं समजतं, मीही शेतकऱ्याच्याच घरचा आहे.

दुसरं, मोबाईल. मशीनवर मोबाईल नको म्हणतो तेव्हा पोरांना वाटतं जाच करतो. लूमवर नजर हटली की पट्टी तुटलेली कळत नाही, आणि हात कुठे आहे हेही कळत नाही. घरच्यांना ऑफिसचा नंबर देऊन ठेवा, निरोप आला की आम्ही लगेच बोलावतो.

गिरणाकाठ यांचं वाचून आमचे नियम मराठीत एका पानावर टाईप करायला दिलेत. पटलं म्हणून.


अवधान_बी_शिफ्ट

चटई भाऊ, तुमच्यासारखे मालक कमी आहेत. मी धुळ्याकडचा, ठेकेदारामार्फत काम करतो. ठेकेदार बदलला की काम तेच, मशीन तेच, कार्ड तेवढं नवीन. आणि नवीन यूएएन, म्हणजे पीएफचा खाते क्रमांक. माझे असे दोन यूएएन झाले, एकात आधारप्रमाणे नाव, दुसऱ्यात मार्कशीटप्रमाणे. आता पैसे एकत्र करता येत नाहीत. नव्या पोरांना सांगणं: रुजू होताना फॉर्म ११ भरून घेतात, त्यात आधीचा यूएएन टाका. आणि नोकरीला लागण्याआधीच आधार, पॅन, बँक पासबुक आणि दहावीची मार्कशीट यांवरचं नाव, वडिलांचं नाव, जन्मतारीख एकसारखी करून घ्या. मोठी डोकेदुखी वाचते.

ओव्हरटाईम दुपटीने मिळायला पाहिजे ना? आम्हाला सिंगलने देतात.


गिरणाकाठ

दुपटीनेच. कारखान्यात हे १९४८ च्या कायद्यापासून आहे. ठेकेदाराने पीएफ भरला नाही तर ज्या कंपनीत काम करतोस तिची जबाबदारी संपत नाही, हेही ध्यानात ठेव. आपल्या जादा तासांची नोंद स्वतःच्या वहीत रोज करत जा: तारीख, वेळ, मशीन. दाद मागताना वही उपयोगी पडते. दोन यूएएनसाठी नाव-दुरुस्तीचा संयुक्त अर्ज आधी कर, मग जुन्याचे पैसे नव्यात वळवण्याचा. क्रम उलटा केलास की अर्ज फेटाळला जातो.


पाचोरा_अपडाऊन

लेट मार्कचं कोणीच बोललं नाही! पाचोरा, चाळीसगाव, भुसावळकडून आम्ही शेकड्याने अपडाऊन करतो. गाडी लेट झाली की दहा मिनिटांसाठी अर्धा दिवस कापतात. बरोबर आहे का हे?


गिरणाकाठ

गैरहजेरीची पगारकपात जेवढा वेळ गैरहजर तेवढ्याच प्रमाणात असावी, हा वेतनाच्या कायद्याचा जुना नियम आहे आणि नव्या संहितेतही तो आहे. दहा मिनिटांना अर्ध्या दिवसाचा पगार त्यात बसत नाही. शिस्त म्हणून दंड लावायचा तर म्हणणं ऐकून घ्यावं लागतं आणि महिन्याचा एकूण दंड पगाराच्या ३ टक्क्यांच्या वर जाऊ शकत नाही. काही कंपन्या तीन लेट मार्कला अर्धी रजा वळती करतात, ते त्यांच्या रजेच्या नियमात काय लिहिलंय त्यावर आहे. वाचून घ्या.

पण एक सांगतो, रोज शेवटच्या गाडीवर विसंबून राहू नका. कंपनीला गाडीचं वेळापत्रक माहीत असतं, आधीची गाडी आहे हेही माहीत असतं. रुजू होतानाच लेखी विनंती करा की जनरल शिफ्ट अर्धा तास पुढे मिळावी, सुट्टीही अर्धा तास उशिरा. अपडाऊनवाले चार-सहा जण मिळून गेले तर बहुतेक ठिकाणी ऐकतात.


तळोदा_१९

मी मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षणमधून एका कार्यालयात होतो, आता कंपनीत अप्रेंटिस घेतायत. हे सगळं मला लागू का?


गिरणाकाठ

युवा कार्य प्रशिक्षणात सरकार थेट खात्यात विद्यावेतन देतं (बारावी ६,०००, आयटीआय-पदविका ८,०००, पदवी १०,०००), ती नोकरी धरत नाहीत. अप्रेंटिस १९६१ च्या कायद्याने शिकाऊ असतो, कामगार नाही, म्हणून पीएफ नसतो. पण सुरक्षेचे नियम, कामाचे तास आणि अपघाताची भरपाई तुलाही आहे. सरकारच्या अप्रेंटिस पोर्टलवर करार नोंदला गेलाय ना, तो क्रमांक घे. नोंद नसेल तर तू अप्रेंटिस नाहीस, कमी पगारातला कामगार आहेस. जाण्याआधी हे नक्की विचार.


बोरीकाठचा_नवा

दादा, अर्ज दिला. दाखले शनिवारी परत मिळाले, काही बोलले नाहीत. नेमणूक पत्रही आलं. त्यात लिहिलंय, मी सोडलं तर तीन महिन्यांची नोटीस, कंपनीने काढलं तर सात दिवसांची. सही करू का?


गिरणाकाठ

अभिनंदन! दाखले आजच आईकडे दे.

सहीआधी एचआरला भेट आणि म्हण की प्रोबेशनमध्ये दोन्ही बाजूंना सारखी नोटीस ठेवा, १५ दिवस किंवा महिना. बहुतेक वेळा हा छापील मसुदा असतो, कोणी विचारलं तर बदलतात. बदलला नाही तर काम सोडायचं की नाही ते घरी बसून ठरव, गेटवर उभं राहून नाही. सोडायची वेळ आलीच तर राजीनामा ईमेलने दे. नव्या संहितेप्रमाणे शेवटचा पगार दोन कामकाजाच्या दिवसांत द्यायचा असतो.

बॉण्डची प्रत मिळाली का? ती राहिली असेल तर सोमवारी त्याच अर्जाखाली एक ओळ वाढवून दे.